पाचवं पान

"केस ओले का?" मी दारातच विचारलं.

विजयमाला पायरीवर चप्पल काढत होती. सकाळचे साडेसात वाजले होते, फेब्रुवारीतली बोचरी हवा होती आणि तिच्या वेणीतून शालीवर पाणी ठिबकत होतं. चेहरा मात्र खुलला होता. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, ते माझा प्रश्न ऐकून मिटलं.

"ओले असले तर वाळतील की," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी वाकून तिची चप्पल उचलली. टाचेला काळी, चिकट माती. बाई रोज सकाळी फिरायला जात होती, आणि मी धरून चाललो होतो की रंकाळ्याला. पण रंकाळ्याची वाट फरशीची. ही माती उसाच्या रानातली होती. चप्पल नाकाशी नेली तर शेवाळाचा वास.

हसू नका. माझं सगळं आयुष्य असल्या वासांवर गेलं. एकतीस वर्षं मी जकात नाक्यावर काढली, त्यातली बावीस निरीक्षक म्हणून. ताडपत्री न उचलता आत नुसता गूळ आहे की गुळाच्या ढेपांखाली कापडाचे गठ्ठे आहेत, हे मी ड्रायव्हरच्या मानेवरून सांगत असे. माल लपवणारा माणूस मालाकडं बघत नाही, हे आमच्या कामातलं पहिलं सूत्र. आणि गेले पंधरा दिवस विजयमाला कपाटावरच्या निळ्या बॅगेकडं अजिबात बघत नव्हती.

ती बॅग अलास्कासाठी आणलेली. ही सगळी हकीकत बारा वर्षांपूर्वीची. विजयमाला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तेव्हा निरोप समारंभात कुणीतरी विचारलं, "बाई, आता पुढं काय?" लोकांना वाटलं, काशी-रामेश्वर म्हणेल. ती माइकवर म्हणाली, "अलास्काला जाणार. बोटीनं. मला देवमासा बघायचाय." शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या शंभरांत मीही होतो, आणि मलाही ते तिथंच, त्यांच्याबरोबरच कळलं.

मग पुण्याच्या एका टूर कंपनीकडं दोघांची नावं दिली. मे महिन्याच्या शेवटी निघायचं, व्हँकुव्हरला बोटीत बसायचं, सात दिवस समुद्र, आणि मध्ये चार ठिकाणी जमिनीवर उतरून अस्वलं, हिमनद्या असलं काय काय बघायचं. कंपनीकडून जाडजूड लिफाफा आला. त्यात याद्या होत्या. थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, पाणी आत न शिरणारं जाकीट, दुर्बीण, कान झाकणारी टोपी. यादी दिसली की मला चेव येतो. प्रत्येक वस्तू मी तपासून घेतली. थर्मल खरंच ऊब देतात का बघायला मार्चमधल्या भर दुपारी दोन्ही जोड एकावर एक चढवून गच्चीत बसलो आणि घामाघूम होऊन घेरी यायची वेळ आली.

"कोल्हापुरात थंडी शोधताय व्हय?" विजयमालानं ताक आणून दिलं. हसली नाही.

त्याच दिवशी मी लिफाफ्यातली पानं मोजली. एक, दोन, तीन, चार, सहा.

"विजू, पाचवं पान कुठाय?"

"असेल की."

"नाही. तीनदा मोजली."

"मग चौथ्यांदा मोजा," असं म्हणून ती कणीक मळायला बसली. पुन्हा तेच. लिफाफ्याकडं नजर नाही.

दोन दिवसांनी मी दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघालो होतो. गॅलरीत ती फोनवर बोलत होती. आमच्या टूर मॅनेजरशी, केतकी नावाच्या मुलीशी. मी थांबलो. थांबायचं नसतं हे मला माहीत आहे, पण पाय थांबले.

"नाही केतकी, ते नाहीत. मी एकटीच," विजयमाला सांगत होती. "चारही ठिकाणी एकटीच. आणि त्यांना फोन करून कळवू नका. मीच बघते."

मला राग आला, पण रागाच्या आधी भीती वाटली, हे आज कबूल करतो. छत्तीस वर्षांचा संसार. मुलगा बंगळुरात, घरात आम्ही दोघंच. आणि ही बाई कुठंतरी एकटी जायच्या तयारीला लागली होती. बरं, तोंडावर विचारावं, तर आमच्या नाक्यावर दुसरं सूत्र होतं. गाडी फाटकाशी येईपर्यंत शिट्टी मारायची नाही. लांबूनच ओरडलं की ड्रायव्हर गाडी वळवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर पडली, कोपऱ्यावर रिक्षात बसली. मी अंतर ठेवून स्कूटर काढली. रिक्षा रंकाळ्याकडं वळलीच नाही. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या रस्त्याला लागली, पुढं डांबर संपून उसात शिरली. एका शेताच्या बांधाशी ती उतरली आणि हातातली पिशवी सांभाळत पायवाटेनं आत गेली. मी स्कूटर झाडाखाली लावली. उसाच्या पाल्यानं हात कापले गेले, पण आवाज केला नाही.

पुढं विहीर होती. बांधीव, पायऱ्यांची. काठावर सत्तरीचा एक कडक म्हातारा हातात लांब बांबू घेऊन उभा. मिशी फौजी, कंबर ताठ. मी उसाआडून मान उंच करून खाली बघितलं.

माझी बायको विहिरीत होती. पंजाबी ड्रेस घातलेला, पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला, जसा लहान पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसा. दोन्ही हातांनी बांबूचं टोक धरून ती पाय मारत होती.

"बाई, बांबू सोडा की आता! किती दिस धरून बसणार?" म्हातारा ओरडला.

"सोडते हो, सुभेदार. पाणी गार आहे."

"गार हाय म्हणून तर पहाटंचं बोलावतोय तुमास्नी. तिकडं काय बंब तापवून ठेवलाय व्हय?"

यावर विजयमाला हसली. विहिरीत तो आवाज दुप्पट झाला. असं हसू मी आमच्या घरात शेवटचं कधी ऐकलं, ते मला आठवेना. मी तसाच उलट पावली परत फिरलो. घरी येऊन पेपर उघडून बसलो आणि ती आल्यावर मान वर केली नाही.

पण डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. साठीला टेकलेली बाई चोरून पोहायला का शिकते? बोट बुडेल म्हणून? मग मलाही शिकवायला हवं होतं, मला तरी कुठं पोहता येतं? की बुडालो तर मी एकट्यानंच बुडावं, अशी योजना? दोन रात्री मी असले विचार करत कूस बदलत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतल्या एका बाईंच्या नातीच्या बारशाला गेली. मी स्टूल घेतलं आणि निळी बॅग खाली काढली. तीन आकड्यांचं कुलूप होतं. असली कुलपं म्हणजे पोरखेळ. कडी ओढून धरायची, चाकं एकेक करून फिरवायची, अडकलं की थांबायचं. पाच मिनिटांत उघडलं.

एकेक वस्तू काढून मी पलंगावर मांडली. थर्मल. स्वेटर. जाकिटाचे सगळे खिसे उलटे केले. औषधांची पिशवी. दुर्बिणीची पेटी, तिचं अस्तरसुद्धा चाचपलं. काही नाही. तळाशी मोज्यांचे जोड होते आणि मोज्यांखाली घडी घातलेला कागद. मला वाटलं, सापडलं पाचवं पान.

फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तपासून झालं असेल तर घड्या नीट घाला. मोजे जोडीनं ठेवा.'

माझे कान तापले. कुणाही शहाण्या माणसानं तिथं बास केलं असतं. पण सवय वाईट असते. मोजे जोडीनं ठेवता ठेवता माझ्या मनात आलं, की ज्याला झडती होणार हे आधीच ठाऊक असतं, त्यानं माल दुसरीकडं हलवलेला असतो.

ती संध्याकाळी आली. कपाटावर नजर टाकली. "चहा ठेवू?" एवढंच म्हणाली.

एप्रिलच्या शेवटी कंपनीची प्रवासाआधीची बैठक झाली, स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. कोल्हापूर-सांगलीकडची बावीस माणसं जमली होती. केतकी पहिल्यांदाच समोर दिसली. तिशीची, चुणचुणीत, एका दमात शंभर गोष्टी सांगणारी. तिनं पडद्यावर सीलची चित्रं दाखवली. अस्वलाचं चित्र आल्यावर म्हणाली, "दिसलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही आणि पाठ करून सेल्फी तर अजिबात काढायचा नाही." लोक हसले. मी विजयमालाकडं बघत होतो. ती वहीत लिहून घेत होती, वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखी.

"आता पान पाच," केतकी म्हणाली. माझी पाठ ताठ झाली. "जमिनीवर उतरल्यावर कोण कुठं जाणार, ते. बहुतेकांचे फॉर्म आलेत. सरनोबत मॅडम, तुमचा फोनवर घेतलाय मी, सहीचा कागद मात्र आज द्या. केचिकनला कयाक, जुनोला देवमाशांची होडी, स्कॅग्वेला हिमनदीपर्यंतची पायपीट, सिटकाला अस्वलं. बरोबर?"

"बरोबर," विजयमाला म्हणाली.

"आणि सरांसाठी चारही ठिकाणी बसमधून शहरदर्शन. गुडघ्यांमुळं, असं मॅडम म्हणाल्या. सर, तुमची तेवढी सही हवीय."

मागून कुणीतरी सांगलीकर बोलला, "काय हो सरनोबत, बोटीत बसायच्या आधीच वाटण्या?"

हॉल हसला. मी उठलो. "गुडघे माझे आहेत. मला विचारायला पाहिजे होतं," असं काहीतरी म्हणालो आणि बाहेर पडलो.

हॉटेलच्या आवारात गुलमोहराखाली सिमेंटचं बाकडं होतं. पाच मिनिटांनी विजयमाला आली आणि शेजारी बसली. गाडी फाटकाशी आली होती.

"विहिरीत कशाला जातेस?" मी विचारलं.

"आला होतात की बघायला. सुभेदार म्हणालेच, उसात कुणीतरी आलंय, रानडुक्कर नव्हे." तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. पाचवं पान. "हे वाचा. कयाकच्या खाली."

कयाकच्या खाली प्रश्न होता, पोहता येतं का? हो किंवा नाही यांतल्या एकावर खूण करायची होती.

"कयाक म्हणजे छोटी होडी, आपणच वल्हवायची," ती म्हणाली. "अंगात जाकीट देतात, कुणी बुडत नाही. केतकी म्हणाली, मॅडम, हो करून टाका, कोण बघतंय? पण येत नसताना हो कसं लिहू? चाळीस वर्षं पोरांना खरं लिहा, खरं बोला सांगितलं. म्हणून शिकायला गेले. परवा डबा सोडून विहीर पार केली, मग खूण केली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्यांदा पाण्यात उतरले ना, तेव्हा तुम्हाला सांगायलाच येत होते. रिक्षात सगळं मनात जुळवत आले, कसं सांगायचं ते. दारात तुम्ही विचारलंत, केस ओले का. झालं. ते सांगणं राहिलं नाही, जबाब झाला. आणि आठवून बघा, मी एकदाही खोटं बोललेले नाही."

मी आठवलं. खरंच बोलली नव्हती.

"ते असू दे. एकटीच का? चारही ठिकाणी?"

आतून केतकीचा आवाज येत होता, कानटोपी केवढी घ्यावी याबद्दल.

"गणपतीपुळ्याची सहल आठवते?" तिनं विचारलं. "ब्याऐंशीची. सहावीची पोरं घेऊन गेलो होतो."

"न आठवायला काय झालं?"

ती तर माझी ठेवणीतली गोष्ट होती. मी नुकताच निरीक्षक झालो होतो. परतीची बस नाक्यावर आली, तेव्हा नेमके वरचे साहेब हजर होते. मी सगळ्या शिक्षकांच्या बॅगा उतरवल्या, आणि स्वतःच्या बायकोचीही सोडली नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती. 'नियम म्हणजे नियम, तिथं बायको कुठली?' असं म्हणत ही गोष्ट मी किती लग्नांत, किती पंगतींत सांगितली असेल त्याला गणती नाही. विजयमाला तेव्हा आसपासच असायची, वाढत, चहा देत.

"माझी बॅग तुम्ही उघडली नव्हती," ती म्हणाली. "उलटी केली होती, बाकावर. मी म्हटलं, अहो, आत बाजूला नेऊन बघा. तुम्ही म्हणालात, मागं व्हा बाई. मला बाई म्हणालात. माझी पाळी होती. घड्या घालून ठेवलेले कपडे, त्यात वापरलेलेसुद्धा, सगळं बाकावर पडलं. खिडक्यांतून पोरं बघत होती. हेडसरांनी तोंड फिरवलं. तुमच्या साहेबांनी नाही फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच पोरांना भूगोल शिकवायला उभी राहिले."

गोष्टीतला हा भाग मी कधी सांगितला नव्हता. लपवला होता, असंही नाही. मला तो दिसलाच नव्हता. बाकावर काय पडलं, ते मी बघितलं होतं, कारण तेच माझं काम होतं. पण त्यात जकातीचा माल नव्हता, म्हणून माझ्या लेखी त्यात काहीच नव्हतं. मला तिच्याकडं बघवेना.

"विजू," मी म्हणालो. बत्तीस वर्षांनी माफी मागायला तोंड तरी कुठलं आणायचं? तरी मागितली. तिनं ऐकून घेतली, मान हलवली नाही.

"तिकडं चार दिवस जमिनीवर उतरायचंय," ती म्हणाली. "त्या चार दिवसांत मी कुठं गेले, काय बघितलं, कुणाशी बोलले, हे विचारणारं कुणी नको. एवढंच. बाकी बोटीवर आहेच की मी. जेवायला, फिरायला, तुमच्या गोळ्या द्यायला."

मी खिशातलं पेन काढलं आणि पाचव्या पानावर सही केली. "गुडघे तसे दुखतातच," मी म्हणालो.

मे महिना मात्र कठीण गेला. निळी बॅग कपाटावर होती. ती उघडायची, काहीतरी ठेवायची, बंद करायची. एकदा तर काहीतरी कागदात गुंडाळून आणलेलं तिनं घाईनं आत सारलं. माझे हात अक्षरशः वळवळले. मी गच्चीत जाऊन तुळशीला पाणी घातलं. दिवसातून तीनदा घातलं, शेवटी ती तुळस कुजायला आली.

व्हँकुव्हरच्या विमानतळावर आमचा घोळका उतरला तेव्हा सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. केतकीनं विमानातच बजावलं होतं, "विचारतील त्याला सरळ उत्तरं द्या. बॅगेत काय आहे विचारलं तर कपडे, औषधं म्हणा आणि पुढं व्हा." कस्टमच्या खिडकीत तरुण अधिकारी होता. दाढी कोरलेली, डोळे बारीक. मला तो लगेच आपला वाटला. त्यानं माझ्या बॅगेबद्दल विचारलं, मी मोडक्या इंग्रजीत यादीच म्हणून दाखवली. थर्मलचे रंगसुद्धा सांगितले.

मग त्यानं निळ्या बॅगेकडं बोट केलं. "आणि हिच्यात?"

विजयमाला माझ्या मागं उभी होती. तिच्यासाठी उत्तर द्यायची मला आयुष्यभराची सवय. कपडे, औषधं, एवढे दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "मला माहीत नाही, साहेब."

"तुमच्या पत्नीची आहे ना?"

"हो. म्हणूनच माहीत नाही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मीही एकतीस वर्षं लोकांना असाच न्याहाळत होतो. त्यानं आमच्या फॉर्मवर काहीतरी खरडलं आणि आम्हाला बाजूच्या खोलीकडं पाठवलं. मागं केतकीनं कपाळाला हात लावलेला दिसला. सांगलीकर मोठ्यानं म्हणाला, "ह्या माणसाला कुणी बोलायला सांगितलं?"

खोलीत लांब स्टीलचं टेबल होतं. एका अधिकारी बाईनं बॅग त्यावर ठेवली आणि विजयमालाला उघडायला सांगितलं. कुलपाची चाकं फिरल्याचा आवाज आला. मी पाठ वळवली. समोरच्या भिंतीवर काय आणायला बंदी आहे त्याचा तक्ता होता, मांस, फळं, बिया, माती. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वेळा वाचला. मागं कागद उलगडला गेला, काहीतरी टेबलावर ठेवलं गेलं, ती बाई काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. माझी मान आखडली, पण फिरवली नाही. चेन लागल्याचा आवाज आला, तेव्हाच मी वळलो.

विजयमाला माझ्याकडंच बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"चला," ती म्हणाली.

बाहेर पस्तीस मिनिटं ताटकळलेला घोळका आमच्यावर डाफरला. बंदराकडं जाणाऱ्या बसमध्ये आम्हाला शेवटची जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. बाहेर पुलाखाली करडं पाणी होतं, लांब डोंगरांच्या माथ्यावर बर्फ. काय सापडलं, का हसलात, कागदात काय होतं, असे तीन प्रश्न माझ्या जिभेवर रांगेत उभे होते. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तिन्ही पोटात ढकलले.

दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला बस थांबली तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच बोलली.

"पहिल्या दिवशी ना, सुभेदारांनी मला पाण्यात उतरूच दिलं नाही. अर्धा तास पायरीवर बसवलं, पाय बुडवून. म्हणाले, बाई, आधी पाण्याची ओळख होऊ द्या. आणि तिथं एक कासव होतं, एवढंसं. रोज यायचं. मी त्याचं नाव ठेवलं होतं, सांगितलं तर हसाल तुम्ही…"

मी हसलो नाही, हूं केलं. ती सांगत गेली. बांबू, डबा, नाकात गेलेलं पाणी, सुभेदारांची सून रोज काठावर आणून ठेवायची तो आल्याचा चहा. मध्येच ती माझ्याकडं वळून बसली, हातवारे करायला लागली, बोलता बोलता माझ्या गुडघ्यावर थाप मारली. बस थांबली. समोर आमची बोट उभी होती, दहा मजली, पांढरीशुभ्र. केतकी ओरडत होती, लोक सामान काढत होते, फोटोसाठी धावत होते.

मी जागचा उठलो नाही. विजूचं सांगणं अजून संपलं नव्हतं.